भोंग्यावरची शाळा

दोन्या ओब्दुलियाच्या, म्हणजे ओब्दुलियाबाईंच्या, यंत्राचं बटण फार पूर्वीच तुटलं होतं, पण त्यावाचून तिचं कधी अडलं नाही. यंत्राच्या कुशीत एक सणसणीत थाप मारली की वरचा तांबडा दिवा लागायचा आणि टेकडीवरच्या खांबावरचा भोंगा बोलायला लागायचा. दुसरी थाप मारली की दिवा विझायचा आणि भोंगा गप्प व्हायचा. "लोकहो, सावधान! देल्फिनोकडे आज डुक्कर कापलंय, मांस ताजं आहे, तळलेली कातडी गरम आहे, नंतर मिळाली नाही म्हणून मला बोल लावू नका!" अशी तिची ललकारी सान मातेओ सिरुएलास गावावर सकाळ-संध्याकाळ घुमायची. मांस शिळं असेल तर देल्फिनो कसायाने पायावर डोकं ठेवलं तरी 'ताजं' हा शब्द बाईच्या तोंडून निघत नसे. त्यामुळे पाद्रीबाबांच्या प्रवचनावर लोक वाद घालत, ओब्दुलियाच्या भोंग्यावर कुणी घालत नसे.

जानेवारीत तिच्या नवऱ्याला, म्हणजे एर्मिनियोला, प्रेमाचा उमाळा आला. बायको रोज यंत्राला बडवते, एक दिवस शॉक लागून बसेल, असा विचार करून या पाववाल्याने ती बाहेर गेल्याची संधी साधली, यंत्र उघडलं आणि आतली सैल तार पक्की जोडून टाकली. त्या क्षणापासून यंत्र कायमचं चालू झालं. दिव्याची तार तेवढी त्याच्या नजरेतून सुटली. म्हणजे थाप मारली की दिवा पूर्वीसारखाच लागे आणि विझे. भोंगा मात्र त्या दिव्याकडे ढुंकूनही न बघता आपला चालूच.

एवढ्यानेही फारसं बिघडलं नसतं. भोंग्याच्या खोलीत ओब्दुलिया दवंडीपुरतीच जायची. पण नेमक्या त्याच महिन्यात दोन्या ओब्दुलियाने शाळेत नाव घातलं, आणि तेही कुणाला कळू न देता.

त्याचं असं झालं. गावात टीव्हीवरच्या धड्यांनी चालणारी माध्यमिक शाळा आहे. दर जुलैत तिथून बाहेर पडणारी मुलं आपल्यासाठी एक 'माद्रिना' निवडतात, म्हणजे मानाची धर्ममाता. तिने नवं लुगडं-झगा काय असेल ते नेसून मंचावर बसायचं, मुलांना आशीर्वाद द्यायचा आणि भाषण करायचं. आवाज खणखणीत, म्हणून हा मान वर्षानुवर्षं ओब्दुलियाकडेच. "पोरांनो, शिका! शिकल्याने डोळे उघडतात!" असं ती दरवर्षी ठणकावून सांगायची, आणि गाव टाळ्या वाजवायचं. बाईने स्वतः चौथीतूनच शाळा सोडलेली. कुणी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. पण गेल्या जुलैत एका चुरचुरीत पोरीने मंचावरच विचारलं, "माद्रिना, तुम्हाला बीजगणित जास्त आवडायचं की भूमिती?"

"दोन्ही गं बाई, दोन्ही," ओब्दुलिया म्हणाली. घरी येऊन तिने मोलेचं, म्हणजे मिरची-चॉकलेटच्या रश्श्याचं, भांडं घासता घासता फोडलं. बीजगणित हे खातात की पितात, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. पुन्हा त्या मंचावर असं खोटं उभं राहायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. मोन्तेर्रे शहरात दिलेल्या लेकीला, येसेनियाला, फोन केला. लेकीने तिथूनच प्रौढांच्या माध्यमिक अभ्यासक्रमात आईचं नाव घातलं, फोनवर धडे कसे उघडायचे ते शिकवलं, आणि कान पार झाकून टाकणारे मोठे हेडफोन पाठवून दिले. परीक्षा जूनमध्ये, तालुक्याच्या गावी. निकाल जुलैच्या आत.

"आई, कुणाला सांगू नकोस म्हणतेस, पण अभ्यास करणार कुठे?"

"भोंग्याच्या खोलीत. तिथे भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, आतला आवाज बाहेर जात नाही," ओब्दुलिया मोठ्या विश्वासाने म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी तिने दाराला कडी घातली, दिवा विझलेला आहे याची खात्री केली, हेडफोन चढवले आणि फोन मायक्रोफोनला टेकवून उभा केला. पहिलाच धडा होता, ई-लर्निंग म्हणजे काय. फोनमधली गोड बाई सांगत होती आणि ओब्दुलियाच्या डोक्यात काडीमात्र शिरत नव्हतं. कसं शिरणार? उभा जन्म दवंडी देण्यात गेलेला. कुठलीही गोष्ट तोंडाने पुकारल्याखेरीज तिला कळतच नसे. शेवटी तिने धडा थांबवला, घसा साफ केला आणि सुरू केलं.

"लोकहो, सावधान! सर्वांना कळवण्यात येतं की शिकणारा आणि शिकवणारा एका जागी नसले तरी शिक्षण होतं! ज्याने त्याने आपापल्या सवडीने आणि आपापल्या गतीने शिकावं! मास्तर दिसत नाही, छडी दिसत नाही, आणि चुकलं तर यंत्र हसत नाही! पुन्हा सांगते, हसत नाही!"

मग फोनमधली बाई म्हणाली, आता स्वतःची ओळख करून द्या. "मी ओब्दुलिया," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "चौथीत शाळा सुटली. धाकट्या भावंडांना बघायला कुणी नव्हतं. शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून ऐकायचे, तर मास्तर हाकलायचे. मला शिकायचं होतं हो. फार शिकायचं होतं."

गावात देल्फिनोचा सुरा हवेतल्या हवेत थांबला. ओढ्यापलीकडे दोन्या क्रेसेन्सियाचं घर. गावातला दुसरा भोंगा तिचा, गाव तासाच्या हिशेबाने ज्याच्यावरून इंटरनेट विकत घेई तो डबाही तिच्याच छपरावर, आणि शिवाय ती येसेनियाची धर्ममाता, म्हणजे ओब्दुलियाची कोमाद्रे. लहानपणी दोघी एकाच तोर्तियाचे, म्हणजे मक्याच्या भाकरीचे, दोन तुकडे करून खायच्या. कोमाद्रे झाल्यापासून रिवाजाप्रमाणे अहोजाहो करू लागल्या, आणि दोन भोंगे झाल्यापासून तेवढंच उरलं. क्रेसेन्सिया तेव्हा स्वतःच्या तामालांची, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या मुटक्यांची, दवंडी द्यायला बटणावर बोट ठेवून बसली होती. पलीकडच्या भोंग्यातून ते शब्द आले आणि तिने बोट काढून घेतलं. तिची स्वतःची शाळा तिसरीतच सुटली होती.

एर्मिनियोला भट्टीजवळ घाम फुटला. तार आपण जोडली हे त्याच्या ध्यानात आलं, पण सांगायची हिंमत होईना. तो भोंग्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहतो न राहतो तोच क्रेसेन्सिया ओढा ओलांडून धापा टाकत आली, मागून देल्फिनो आला, शाळेचे रुतिलिओ मास्तर आले.

"खबरदार तिला सांगाल तर!" क्रेसेन्सिया दबक्या आवाजात गरजली. "सांगितलंत तर लाजेने पुस्तक मिटेल आणि पुन्हा उघडायची नाही. मी ओळखते तिला. ती लहानपणीसुद्धा अशीच होती."

"पण हे गावभर ऐकू जातंय!" एर्मिनियो म्हणाला.

"जाऊ दे की. तुमचं काय जातंय?" ती म्हणाली, आणि जाता जाता मास्तरांना हळूच विचारलं, "उद्या कुठला धडा असेल हो?"

ही सगळी खलबतं ओब्दुलियाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की दिवस बरे आलेत. पूर्वी संध्याकाळी इंटरनेट गाभण गाईसारखं चालायचं, आता घोड्यासारखं पळायला लागलं. तिच्या अभ्यासाच्या वेळी गावातला एकही माणूस फोनला हात लावत नाही, आणि कुणी लावलाच तर क्रेसेन्सिया छपराखालची त्याची जोडणी काढून त्याला शिव्या घालते, हे तिला कोण सांगणार? क्रेसेन्सियाचा भोंगा त्या वेळी मुकाच असायचा. "धंदा बसला वाटतं कोमाद्रेचा," ओब्दुलिया नवऱ्याला म्हणाली, आणि तिला उगाच वाईट वाटलं.

मग मात्र चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. अपूर्णांकांचा धडा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती देल्फिनोकडे गेली तर तो म्हणाला, "पाऊण किलो की तीन चतुर्थांश? एकच आहे म्हणा." ओब्दुलिया चपापली. पाणी भरायला गेली तर दोन बाया भांडत होत्या, आणि भांडण होतं वनस्पती रात्री श्वास घेतात की नाही यावर. एकदा तर ऋण गुणिले ऋण धन कसं होतं ते काही केल्या डोक्यात बसेना. खोलीत बसून ती कपाळ बडवत होती, "हे कसं शक्य आहे? माझ्याकडे कोंबड्या नाहीत, तुझ्याकडेही नाहीत, तर मग दोघींकडे मिळून कोंबड्या आल्या कुठून?" दुसऱ्या दिवशी रुतिलिओ मास्तर पाव घ्यायला आले आणि आपणहून सांगू लागले, "दोन्या, समजा कुणी तुमच्याकडून रोज दोन कोंबड्या पळवतंय. तो चोर पळवायचा थांबला, तर तीन दिवसांत तुमच्या किती कोंबड्या वाचल्या? सहा. तोटा गेला, तो फायदाच झाला की."

"मास्तर, हे मला का सांगताय?" तिने डोळे बारीक करून विचारलं.

"सहज. कोंबड्यांवरून आठवलं," मास्तर म्हणाले आणि पाव न घेताच निघून गेले.

तिने एर्मिनियोला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग, तू कुणाकडे बोललायस?"

"बाळ येशूची शपथ, म्हातारे, मी एक शब्द बोललो नाही." आणि ते अक्षरशः खरं होतं. बोलायची वेळच कुणी त्याच्यावर आणली नव्हती.

तिने ठरवलं, हा आपल्या मनाचाच खेळ असणार. शिकल्याने डोळे उघडतात म्हणे, तेव्हा आजवर न दिसलेलं दिसायला लागलं असेल. असं मनाचं समाधान करून ती नेटाने पुढे निघाली आणि आनुवंशिकतेच्या धड्यात जाऊन पडली.

"लोकहो, सावधान!" त्या संध्याकाळी भोंगा बोलला. "कानाच्या पाळ्या दोन प्रकारच्या असतात! गालाला चिकटलेली आणि सुटी लोंबणारी! चिकटलेली, उदाहरणार्थ, आपला देल्फिनो. त्याची बायको ओतिलिया, तिचीही चिकटलेलीच. सुटी म्हणजे, उदाहरणार्थ, आमच्या एर्मिनियोची, वाऱ्यावर हलते. आता नीट ऐका! सुटी पाळी प्रभावी असते. आईबाप दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या असतील, तर मुलाची पाळी सुटी असूच शकत नाही! पुन्हा सांगते, असूच शकत नाही!"

आणि नेमकी तिथे इंटरनेटची विकत घेतलेली वेळ संपली. ओब्दुलिया हेडफोन काढून शांतपणे बीन्स शिजत ठेवायला गेली.

गावात पान हलेना. कारण देल्फिनो आणि ओतिलियाचा एकुलता एक मुलगा नोए, चांगला मिशा फुटलेला गडी, त्या वेळी दुकानाच्या दारात उभा होता, आणि त्याच्या दोन्ही पाळ्या अशा सुट्या होत्या की लांबून दिसाव्यात. देल्फिनोने मुलाच्या कानाकडे पाहिलं. मग बायकोच्या कानाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या आरशात स्वतःचे कान पाहिले. शेवटी त्याने सुरा खाली ठेवला आणि सगळ्या गावाच्या देखत पावभट्टीच्या दिशेने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात एर्मिनियो लोकरीची कानटोपी घालून भट्टीसमोर बसला.

"अरे, वेड लागलं का तुला? उकडून मरशील!"

"कानात वारं गेलंय," तो म्हणाला. कसायाच्या गल्लीतून पाव घेऊन जायचं त्याने सोडून दिलं होतं. तिकडे ओतिलिया माहेरी जायचं गाठोडं बांधून बसलेली. देल्फिनोने डुक्कर कापायचं बंद केलं होतं. ना मांस, ना तळलेली कातडी. रुतिलिओ मास्तरांनी त्याला समजवायचा प्रयत्न केला. "अहो देल्फिनो, ते पुस्तकात सोपं करून सांगितलेलं असतं. पाळीचं गणित एवढं सरळ नसतं."

"तुम्ही बोलूच नका, मास्तर. ओतिलिया तुमची मावसबहीण. तुम्ही तिची बाजू घेणारच," देल्फिनो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "वीस वर्षं मी त्या भोंग्यापुढे गयावया करतोय, तरी शिळ्या मांसाला ताजं म्हटलं नाही त्या बाईने. पुढच्या धड्यात जे असेल ते तिच्या तोंडून येऊ दे. मी मानेन. नाहीतर मग मी काय करायचं ते करतो."

सगळं गाव संध्याकाळची वाट पाहू लागलं. संध्याकाळ झाली, भोंगा बोलला नाही. दुसरी गेली, तरी नाही.

कारण ओब्दुलियाने शाळा सोडली होती. झालं असं की त्या धड्याखालची चाचणी तिने दिली, आणि दहापैकी चार गुण पडले. यंत्र हसलं नाही हे खरं, पण त्याने काढलेला तो तांबडा चार तिच्या काळजात रुतला. "बास झालं," तिने येसेनियाला सांगितलं. "या वयात नाही जमायचं गं. यंदा आजारी पडल्याचं सांगेन. दुसरं कुणीतरी होऊ दे माद्रिना." आणि फोन ठेवून ती भट्टीमागे बसून रडली. लहानपणी कुंपणाबाहेर रडली होती, तशीच.

तिसऱ्या दिवशी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, क्रेसेन्सिया तिच्या दारात उभी राहिली. हातात झाकलेली तामालांची थाळी.

"बसा, कोमाद्रे," ओब्दुलिया रिवाजाला जागून म्हणाली.

"बसते कसली, घाईत आहे. तुमचा भोंगा गंजला की काय, ते बघायला आले." क्रेसेन्सियाने इकडेतिकडे पाहिलं. "काय हो, तुम्ही ऐकलंत का? पलीकडच्या गावात आपल्याच वयाची एक बाई म्हणे चोरून शिकायला बसली फोनवर. आणि अर्ध्यावर टाकलंन्! मी म्हटलं, टाकणारच. आपल्या वयाच्या बायकांचं डोकं म्हणजे वाळलेलं पीठ, त्याची तोर्तिया थोडीच होणार? बरं झालं तुम्ही असल्या भानगडीत पडला नाहीत. तुमच्याच्याने तर मुळीच झालं नसतं."

ओब्दुलियाचे कान लालबुंद झाले. "माझ्याच्याने? का नाही होणार माझ्याच्याने?"

"आपलं सांगितलं. चौथी-तिसरीची माणसं आपण."

"तुम्ही स्वतःपुरतं बोला, कोमाद्रे! वाळलेलं पीठ म्हणे! घेऊन जा तुमचे तामाल!"

"राहू देत. भूक लागेल," क्रेसेन्सिया म्हणाली आणि पाठ वळवून भराभर निघाली. ओढ्यापाशी पोचेपर्यंत तिने पदराने, म्हणजे खांद्यावरच्या शालीने, दोनदा डोळे पुसले. असलं बोलणं तिला सोपं गेलं नव्हतं.

इकडे खोलीची कडी धाडकन लागली. थाळीतले तामाल खाता खाता ओब्दुलियाने पुढचा धडा उघडला. टेकडीवरच्या खांबाखाली देल्फिनो टोपी हातात धरून उभा होता. जरा लांब ओतिलिया, गाठोड्यासकट. त्यांच्यामागे निम्मं गाव.

"लोकहो, सावधान!" घास गिळत भोंगा म्हणाला. "आधीच्या धड्यातली दुरुस्ती ऐका! कानाची पाळी एका जनुकाच्या हातात नसते, तिच्यात पुष्कळ गोष्टींचा वाटा असतो! चिकटलेल्या पाळ्यांच्या आईबापांना सुट्या पाळीचं मूल होऊ शकतं, आणि होतं! म्हणून कानावरून कुणाचा बाप ठरवू नये! अगं बाई, म्हणजे माझं तिथेच चुकलं होतं! म्हणून चार पडले! पुन्हा सांगते, कानावरून बाप ठरवू नये!"

देल्फिनोने ते गाठोडं बायकोच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून घरी चालू लागला. माफी मागायची त्याची हीच तऱ्हा होती. ओतिलिया त्याला अखंड शिव्या देत त्याच्या मागोमाग गेली. दुसऱ्या दिवशी गावात मांस आलं, आणि एर्मिनियोची कानटोपी उतरली. "वारं गेलं कानातलं," तो म्हणाला.

जून उजाडला. परीक्षेच्या दिवशी ओब्दुलियाने नवऱ्याला सांगितलं, "तालुक्याला जाऊन येते. दाढ दुखतेय."

"मीही आज मैदा आणायला जाणारच आहे, पण मागच्या गाडीने येतो," एर्मिनियो म्हणाला.

ती गाडीत चढली तर पहिल्याच बाकावर क्रेसेन्सिया. "दाढ," क्रेसेन्सिया आपणहून म्हणाली. मागे देल्फिनो आणि ओतिलिया, आणि त्यांच्यामागे गावातली आणखी सात-आठ डोकी, सगळी धुतलेल्या कपड्यांत, भांग पाडून. ओब्दुलियाने कपाळाला हात लावला. नेमका आजच सगळ्या गावाला तालुक्याला जायचा झटका यावा? उतरल्यावर ती मुद्दाम बाजारात शिरली, कांदे बघितले, चपला बघितल्या, चर्चच्या एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडली, आणि आपल्या मागावर कुणी नाही हे पाहून परीक्षेच्या इमारतीत घुसली. संगणकांच्या खोलीचं दार तिने ढकललं आणि ती उंबऱ्यातच खिळली.

पहिल्या संगणकावर क्रेसेन्सिया. दुसऱ्यावर ओतिलिया. देल्फिनोने आपल्या राकट पंजात माऊस असा धरला होता की तो निसटून पळेल की काय. मागच्या रांगेत तोंड लपवून बसलेला एर्मिनियो.

"तुम्ही? इथे?"

"दाढ," देल्फिनोच्या तोंडून निघून गेलं.

"शांतता!" पर्यवेक्षिका ओरडली. "बाई, तुमच्या जागेवर बसा. वेळ सुरू झाली."

ओब्दुलिया जागेवर बसली. पाठीमागे सगळं गाव, समोर पडदा. पहिला प्रश्न उघडला, ऋण गुणिले ऋण. तिला कोंबड्या आठवल्या. मग एकामागून एक उत्तरं सुचत गेली. तिला मोठ्याने पुकारता येत नव्हतं, म्हणून ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, आणि तिच्या लक्षात आलं की सगळ्या खोलीत तसलीच पुटपुट चालली आहे, "लोकहो, सावधान" याच चालीवर. आनुवंशिकतेचा प्रश्न आला तेव्हा मागून देल्फिनोने असा काही उसासा सोडला की पर्यवेक्षिका उठून उभी राहिली.

परीक्षा सुटल्यावर बाहेरच्या आतोलेच्या, म्हणजे मक्याच्या गरम पेयाच्या, गाडीपाशी तिने नवऱ्याची गचांडी धरली, आणि मग तार, दिवा, भोंगा सगळं एकदम बाहेर आलं. ओब्दुलियाने गचांडी सोडली.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून? सगळं? टक्केवारीच्या धड्यात मी कोमाद्रेच्या मोलेबद्दल बोलले, तेही?"

"'चॉकलेट दोन टक्के, बाकी पाणी,'" क्रेसेन्सिया शांतपणे म्हणाली. "पाच टक्के असतं, कोमाद्रे. मी घरी जाऊन मोजलं."

"आई मारिये! आणि चौथीचं?"

"तेही."

ओब्दुलियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आणि सगळं माहीत असून पोरांनी परवा येऊन मला पुन्हा माद्रिना व्हायला सांगितलं? थट्टा करायला?"

"थट्टा?" देल्फिनो म्हणाला. हातातला पेला तो खाली ठेवायलाही विसरला. "दोन्या, मला माझ्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं फक्त ओळखीने कळायची. तुमच्या भोंग्याने मला वाचायची गोडी लावली. माझं घर मोडत होतं, ते तुम्ही सावरलंत."

"मोडलंही मीच ना?"

"ते सोडा," ओतिलिया म्हणाली. "दहापैकी चार पडलेले असूनही तुम्ही तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा बोललात, ते ऐकून मी नाव घातलं. पोरांनीही तेच ऐकलं. म्हणून तर तुम्ही."

"मला एकच कळत नाही," ओब्दुलिया डोळे पुसत म्हणाली. "पहिल्या धड्यात होतं, शिकवणारा शिकणाऱ्याला दिसला नाही तरी चालतं. पण आपण शिकवतोय हे शिकवणारीलाच माहीत नाही, हे कुठल्या धड्यात आहे?"

निकाल जुलैच्या आधी आला. सगळे पास. मंचावर ओब्दुलिया माद्रिना म्हणून उभी राहिली तेव्हा त्या गेल्या वर्षीच्या चुरचुरीत पोरीने पहिल्या रांगेतून ओरडून विचारलं, "माद्रिना, बीजगणित की भूमिती?" "बीजगणित!" ती म्हणाली. "भूमितीत मला सहा पडले, आणि हे खरं सांगतेय!" टाळ्या थांबेनात. खाली बसताना तिने क्रेसेन्सियाला हळूच विचारलं, "कोमाद्रे, तुम्हाला एकूण किती?"

"नऊ," क्रेसेन्सिया संकोचून म्हणाली.

"मला साडेआठ. माझंच ऐकून तुम्हाला माझ्याहून जास्त?"

"तुम्ही इतिहासाचा एक धडा गाळलात, कोमाद्रे. तो मी स्वतः वाचला."

पुढच्या सोमवारी एर्मिनियो नवं बटण आणि नवा दिवा घेऊन खोलीच्या दारात आला. ओब्दुलियाने त्याला हाकलून दिलं. उच्च माध्यमिकचा पहिला धडा फोनवर उघडला होता. तिने थाप मारून दिवा विझवला, सवय म्हणून, पण या वेळी हेडफोन लावलेच नाहीत. दार सताड उघडं ठेवलं.

"लोकहो, सावधान! आजपासून तत्त्वज्ञान सुरू होत आहे!"

टेकडीवरून तिचाच आवाज तिच्याकडे परत आला. गावात कुत्रंसुद्धा भुंकेना. सुरा थांबला होता, रेडिओ थांबले होते. ती भराभर पुढे बोलू लागली, आणि इतक्यात ओढ्यापलीकडचा भोंगा, कित्येक महिन्यांनी त्या वेळी पहिल्यांदाच, खरखरला.

"कोमाद्रे, जरा सावकाश सांगा. लिहून घेतेय."